फाइल ४१ : श्रावणी सोमवार

काम : भीमाशंकरहून बेपत्ता झालेले ७१ वर्षांचे गृहस्थ. नोंदींत त्यांना तात्या म्हणते. बेपत्ता सोमवार, १२ ऑगस्ट २०२४. माणसांची आणि बहुतेक लहान गावांची नावं गाळली आहेत. बाकी वहीत होतं तसंच उतरवलंय, खर्चासकट.

१८ जानेवारी २०२५, शनिवार. पुणे

थोरला मुलगा आणि मोठी सून आले. पाच महिने होऊन गेले. पोलिसांत मिसिंगची नोंद आहे. शोधपथकांनी पाच दिवस रान तुडवलं, सगळा वेळ धुकं आणि पाऊस. काही लागलं नाही.

नेहमीचं पुराण आधीच वाचून दाखवलं. माझ्याकडे सरकारी परवाना नाही, तसा तो कुणाकडेच नसतो. खासगी गुप्तहेरांसाठीचं विधेयक २००७ मध्ये राज्यसभेत आलं, त्याचा कायदा काही झाला नाही. कुणाच्या फोनचे कॉल रेकॉर्ड मी काढत नाही, काढून देणाऱ्याला ओळखतही नाही. २०१८ मध्ये ठाण्याला त्यावरून आमच्या धंद्यातली माणसं आत गेली, तेव्हा ज्यांना हा धडा शिकायचा होता ते शिकले. आणि शेवटचं म्हणजे वय ६६, उजवा गुडघा गेलेला, तेव्हा "मॅडम, तुम्ही स्वतः जंगलात जाणार ना?" असं विचारू नका. जाईन, सावकाश जाईन.

मुलगा म्हणाला, तात्यांची तब्येत ठणठणीत, डोकं शाबूत. गर्दीत चुकामूक झाली असेल आणि कुणाच्या तरी गाडीत बसून पुण्याकडे निघाले असतील. सून काहीच बोलली नाही. चहाच्या कपाकडे बघत बसली होती.

आगाऊ रक्कम १५,००० घेतली.

२१ जानेवारी ते ८ फेब्रुवारी

वाया गेलेले दिवस, म्हणून एकत्रच लिहिते. मुलाचं ऐकून पुण्याच्या बाजूनं शोधत राहिले. राजगुरुनगर, मंचर, चाकण, पिंपरीची रुग्णालयं, निराधारांचे आश्रम, बेवारस मृतदेहांच्या याद्या, एसटी स्टँडवरचे हमाल. भाच्यानं फोटो फिरवला तर तिसऱ्या दिवशी पंढरपूरहून फोन आला, "बाबा आमच्याकडे आहेत, आधी ५,००० पाठवा." बाबांच्या डाव्या हाताला किती बोटं आहेत ते सांग, म्हटलं. "चार." तात्यांची पाचही बोटं शाबूत होती.

एक गोष्ट मात्र हाती आली. नातीनं त्या दिवशी काढलेला व्हिडिओ. घरात फिरत होती ती व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली प्रत, तिच्यावर काढल्याची वेळ नसते. नातीच्या फोनमधली मूळ फाइल मागून घेतली. वेळ दुपारी ४.५२. देवळाकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या वरच्या टोकाला फुलांच्या टपरीपाशी तात्या उभे आहेत. पांढरा पायजमा, नेहरू शर्ट, तपकिरी स्वेटर. एकोणीस सेकंदांचा तुकडा, त्यात तात्या फक्त सहा सेकंद दिसतात.

ते सहा सेकंद किती वेळा पाहिले, मोजलं नाही. चेहऱ्याकडेच बघत राहिले, ती चूक माझी. आज रात्री भाचा म्हणाला, "मावशी, पाय बघ ना." पायांत चप्पल आहे, पण टाच चपलेच्या काठापर्यंत पोचत नाही. मागे चांगलं दीड बोट रिकामं.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सुनेला फोन. तात्यांच्या चपला कुठायत?

म्हणाली, घरात आहेत. त्या दिवशी टपरीपाशीच सापडल्या, तपकिरी कोल्हापुरी, सात नंबर. आणून पिशवीत घालून माळ्यावर ठेवल्या. आणि शोधणाऱ्यांना काय सांगितलं? "तपकिरी कोल्हापुरी घातलीय, असंच ह्यांनी लिहून दिलं." म्हणजे पथकं जी वस्तू धुंडाळत होती ती पुण्यात माळ्यावर होती.

मग मी न विचारताच म्हणाली, "घोडेगावला आत्या असतात. त्यांच्याशी एकदा बोला. मी सांगितलं म्हणू नका."

११ फेब्रुवारी, मंगळवार. घोडेगाव

तात्यांची थोरली बहीण, वय ७८. अंगणात हरभरा सोलत बसली होती. मीही बसले, सोलायला घेतलं. हातात काम असलं की बाई मोकळी बोलते. कागद-पेन बाहेर काढलं की गप्प होते. पोलिसांच्या जबाबात ही बहीण कुठेच नाही. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"त्याला वरीसभर इसर पडला व्हता," ती म्हणाली. दिवस मावळायला लागला की उठायचा आणि दार उघडायचा. गुरं आणायची राहिलीत, म्हणायचा. दोनदा हडपसरच्या कालव्यापर्यंत गेला, शेजाऱ्यांनी आणून सोडला. थोरल्याला ठाऊक होतं.

मग थोरल्यानं डोकं शाबूत असल्याचं का लिहून दिलं? ती शेंगा सोलत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "जून म्हैन्यात प्लॉटच्या कागदावर सह्या घेतल्या ना त्याच्या."

कळलं. बापाला विसर पडतो हे ऑगस्टमध्ये कबूल केलं असतं, तर जूनमधल्या सह्या वाऱ्यावर गेल्या असत्या. धाकटा भाऊ कोर्टात गेला असता. कागद वाचवायला त्यानं शोधणाऱ्यांना वेगळाच माणूस सांगितला. मी ह्या धंद्यात २७ वर्षं आहे, लग्नाआधीच्या चौकश्यांपासून सुरुवात केली, माणसं पैशासाठी काय करतात ते पाहिलंय. तरी आज परतताना गाडीत भाच्याशी एक शब्द बोलले नाही.

फरक किती पडतो? वाट चुकलेला धडधाकट माणूस फाट्यावर चुकतो, मागे येतो, उंच जागा गाठतो, हाक मारतो, हाकेला ओ देतो. विसर पडलेला माणूस आपण हरवलोय असं समजतच नाही. तो कुठेतरी निघालेला असतो. समोर दिसेल तसा सरळ जातो आणि जाळीत, ओढ्यात, कुंपणात अडकेपर्यंत थांबत नाही. अडकल्यावर तिथेच बसतो. हाकेला ओ देत नाही, उलट लपतोसुद्धा. म्हणून अशा माणसासाठी हाका मारत फिरण्यात अर्थ नसतो. जाळी हातानं बाजूला सारून बघावी लागते.

निघताना विचारलं, गुरं कुठून आणायची म्हणायचा? तिनं बसल्या जागेवरून उगवतीकडे हात केला नाही, मावळतीकडे केला. "आमचं गाव. पाण्यात गेलं ते."

१३ फेब्रुवारी, गुरुवार. पुणे

टेबलावर दोन नकाशे. एक भाच्याच्या फोनमधला, उपग्रहाचा. त्यात हिरवं रान आणि डिंभे धरणाचं निळं पाणी. साडेतेरा टीएमसी पाणी मावतं त्यात, घोड नदीचं. दुसरा माझा जुना, भारतीय सर्वेक्षण विभागाचा, ४७ ई/१२, धरणाआधीच्या पाहणीवरचा. घड्यांवर फाटलेला, चिकटपट्टीवर जगतोय. त्यात निळं पाणी नाही. तिथे गावं आहेत, विहिरी आहेत, आणि गावांतून भीमाशंकराकडे चढणारी एक लाल तुटक रेघ. पायवाट. गाडीरस्ता होण्याआधी घोड खोऱ्यातली माणसं श्रावणात पायीच यायची. तात्या लहानपणी बापाच्या खांद्यावरून ह्याच वाटेनं आला असणार.

फोनमध्ये ती वाट नाही.

आता हिशेब. चालण्याचा जुना नियम १८९२ मधला, नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा : तासाला पाच किलोमीटर, वर प्रत्येक ६०० मीटर चढाला एक तास जादा. तो धडधाकट माणसासाठी. ७१ वर्षांचा, चिखल, मोठी चप्पल, म्हणून मी निम्म्यानं धरला. ४.५२ ते सूर्यास्त सातच्या सुमारास, पण धुक्यात साडेसहालाच काळोख. दीड-पावणेदोन तास. चार किलोमीटरच्या पुढे तात्या गेलेला नाही. त्या लाल रेघेवर देवळापासून चार किलोमीटर मोजले आणि पेन्सिलीनं खूण केली.

पथकांनी शोधलं ते भोरगिरीची वाट, नागफणीकडचे कडे आणि कोकणात उतरणाऱ्या घाटवाटा. त्यांना दोष नाही. पडलेला माणूस कड्याखालीच असतो आणि चुकलेला मळलेल्या वाटेच्या आसपास. त्यांना सांगितलेल्या माणसासाठी त्यांनी बरोबर जागा शोधल्या.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. भीमाशंकर

महाशिवरात्रीच्या आधी जाऊन यायचं ठरवलं, २६ तारखेला तिथे पाय ठेवायला जागा नसेल. फुलांच्या टपरीवाल्या बाईकडून बेल घेतला, नारळ घेतला, मग विचारलं. गेल्या श्रावणात दुसऱ्या सोमवारी कुणाच्या चपला गेल्या का?

"चपला रोजच जात्यात, ताई." मग थांबली. "त्या दिवशी एकानं लई राडा केला. म्या दीडशे रुपये दिले त्याला तव्हा गेला."

दीडशे रुपये गेले म्हणून लक्षात राहिलं. फुकटचं भांडण असतं तर विसरली असती. शिवाय तो माणूस तिच्या नणंदेच्या गावचा दूधवाला निघाला. संध्याकाळी त्याच्या गोठ्यावर. अजून राग होता त्याचा. नऊ नंबरची, टायरचा तळ मारलेली, मंचरच्या चांभाराकडून आठच दिवसांपूर्वी पिवळ्या नायलॉन दोऱ्यानं शिवून आणलेली. शिलाईचे ८० रुपये दिले होते, हे त्यानं दोनदा सांगितलं.

आता काय शोधायचं ते कळलं.

खर्च : पेट्रोल १,४००, बेल-नारळ ६०.

३ मार्च, सोमवार

अभयारण्य आहे, वाट सोडून आत शिरायचं तर वनविभागाची परवानगी लागते. पुणे, रायगड, ठाणे अशा तीन जिल्ह्यांत पसरलेलं. अर्ज दिला. भाच्याला ड्रोन उडवायचं होतं, त्याला गप्प बसवलं. उडवायला परवानगी नाही हे एक, आणि वरून काय दिसणार? ह्या रानात भर उन्हाळ्यातही आंबा, जांभूळ, अंजनाखाली सावली असते. खाली कारवी. वरून नुसतं फ्लॉवरचं गड्डं दिसतं.

२२ मार्च, शनिवार. निगडाळ्याच्या अलीकडे

परवानगी आली. बरोबर वनरक्षक, भाचा, आणि वाट दाखवायला गावातला एक जण. लाल रेघ जमिनीवर पहिला किलोमीटर छान सापडली, मग पुसट झाली. तिसऱ्या किलोमीटरच्या पुढे एक फाटा. डावीकडे आजची मळलेली वाट गावाकडे वळते. सरळ समोर गुरांनी पाडलेली ढोरवाट कारवीत शिरते आणि तीच जुन्या नकाशातली रेघ. ढोरवाट फसवी. रुंद दिसते, मळलेली दिसते, आणि शंभर पावलांवर दहा फाटे फुटून नाहीशी होते.

फाट्यावर मी बसले, गुडघ्याला पट्टा बांधला. बाकीच्यांनी दिवसभर कारवी पालथी घातली. काही नाही.

परतताना गावकरी म्हणाला, त्या बाजूला चकवा लागतो. भाचा हसला. हसू नकोस म्हटलं. २००९ मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी माणसांना रानात आणि वाळवंटात चालायला लावून पाहिलं. सूर्य दिसत नसला की सरळ चालतोय असं वाटणारी माणसं गोल फिरून आपल्याच वाटेवर परत येत होती. आमची आजी एवढंच सांगायची की चकवा लागला तर खाली बस. दोन्हींत मला भांडण दिसत नाही.

२ एप्रिल, बुधवार

हिरड्याचा हंगाम. बाळहिरडा गोळा करायला बाया पहाटेच आपापल्या मालकीच्या झाडांखाली जातात. पुरुषांना वाटा माहीत असतात, पण खाली काय पडलंय ते बायांना माहीत असतं. त्या जमिनीकडे बघत चालतात. म्हणून हा हंगाम यायची वाट पाहिली होती.

चार वाड्या-वस्त्या फिरले. सगळीकडे तोच प्रश्न, हिरडा वेचताना पायताण सापडलं का? उत्तर न्हाई, न्हाई, न्हाई. शेवटच्या वस्तीवर माझ्याच वयाची एक बाई भेटली. पाणी दिलं. म्हणाली, माळीण झाल्यापासून पावसाळ्यात त्या उताराला कुणी फिरकत नाही. माळीण इथून लांब नाही, ३० जुलै २०१४ ला डोंगर खाली आला आणि १५१ माणसं गेली. तेव्हा ऑगस्टमध्ये तात्या तिथून गेला असला तरी बघणारं कुणी नव्हतं.

पाणी पिऊन भांडं ठेवायला वळले आणि गोठ्याचं दार दिसलं. कुडाचं दार, वरच्या बाजूला बिजागरीच्या जागी रबराची पट्टी ठोकलेली. तळहाताएवढी. काळी, टायरची नक्षी अर्धी झिजलेली, आणि कडेनं शिवण. दोरा मातीनं तपकिरी झाला होता. थुंकी लावून नखानं खरवडला. पिवळा.

"ही पट्टी कुठली गं?"

"घावली व्हती. दिवाळीच्या आधी, व्हळात. एकच व्हती, मंग कापली." चपलेचा उरलेला तुकडाही तिनं टाकला नव्हता. चुलीमागून काढून दिला. ह्या घरात काही फेकत नाहीत, देव त्यांचं भलं करो.

एकच सापडली हे महत्त्वाचं. दोन नंबर मोठी चप्पल चिखलात रुतली, पाय निघाला, चप्पल राहिली. तो थांबला नाही. तसाच पुढे गेला.

तिनं ओहोळ दाखवला. माझ्या पेन्सिलीच्या खुणेपासून पाऊण किलोमीटर अलीकडे.

५ एप्रिल, शनिवार

सकाळी सात. वनरक्षक, दोन गावकरी, भाचा, मी. चप्पल सापडली त्या जागेवरून ओहोळ धरून खाली, कारवी दोन्ही बाजूंनी हातानं सारत. ह्या वेळी मी वर बसले नाही. बसत, घसरत, झाडांना धरत गेले. साडेतीनशे पावलांवर ओहोळ अंजनाच्या मुळाशी वळतो आणि वरून कारवीचं छप्पर झालंय. दोन हातांवरून गेलं तरी आत दिसणार नाही.

तिथे होते. आठ महिन्यांचा पाऊस आणि रानातली जनावरं यांनंतर जेवढं उरतं तेवढं. तपकिरी लोकर मुळांत अडकलेली. दुसरी चप्पल, तिचा दोरा अजून पिवळाजर्द, सावलीत होती म्हणून. आणि खालची कवळी, डाव्या बाजूला तारेचा आकडा. सुनेनं हे पहिल्याच दिवशी लिहून दिलं होतं.

कुणालाही हात लावू दिला नाही. दोघांना वर नेटवर्क मिळेल तिथे पाठवलं, ११२ ला फोन. पोलीस दुपारी आले. पंचनामा, अकस्मात मृत्यूची नोंद, अवशेष तपासणीला. पंच म्हणून सही केली. तोवर पाच तास आम्ही तिथेच बसलो. शेकरू वर ओरडत होतं. गावकऱ्यांपैकी म्हाताऱ्यानं विचारलं, ह्यांचं गाव कोणतं? सांगितलं. तो म्हणाला, मग वाट बरोबर धरली होती की.

६ एप्रिल, रविवार. पुणे

घरी जाऊन सांगितलं. थोरला मुलगा रडला, खरं रडला. थोड्या वेळानं डोळे पुसून विचारलं, मृत्यूचा दाखला कधी मिळेल? तसा त्याचा प्रश्न वाजवी आहे. माणूस मिळालाच नसता तर कायद्यानं मृत धरायला सात वर्षं लागली असती. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम १०८, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं १११.

अहवालात मी चपलांचं सगळं लिहिलंय. विसर पडत होता हेही लिहिलंय, बहिणीच्या नावावर न घालता, माझा निष्कर्ष म्हणून. तो म्हणाला, तेवढं वाक्य काढता येईल का. नाही म्हटलं. मग पैसे राहिलेले ९,००० आता मिळतील असं वाटत नाही. अहवालाची एक प्रत धाकट्यालाही दिली. दोघा भावांनी मिळून मला काम दिल्याचं कागदावर आहे, तेव्हा त्याचा हक्क आहे.

१७ जून, मंगळवार

धाकट्याच्या रक्ताशी डीएनए जुळला. अवशेष ताब्यात मिळाले. सुनेचा फोन आला होता, अस्थी कुठे विसर्जन कराव्यात म्हणून. मी कोण सांगणार, पण आत्यांना विचारा म्हटलं. आत्या म्हणाल्या, डिंभ्यात.

२१ जून, शनिवार

पाऊस लागलाय. वाट बंद व्हायच्या आत वस्तीवर जाऊन आले. पोलिसांनी पट्टी पुरावा म्हणून नेल्यापासून त्या बाईचं गोठ्याचं दार सुतळीनं बांधलेलं होतं. भाच्यानं नवी बिजागरी ठोकून दिली. तिनं दार दोनदा उघडून-लावून बघितलं आणि म्हणाली, रबराची बरी व्हती, वाजत न्हवती.

खर्च : बिजागरी ४५, स्क्रू १०, पेट्रोल १,३००. फाइल बंद.